वाचनालयाचा हॉल कुणाचा? अभ्यासिका, पेपर वाचणारे आणि बाकीचं गाव

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं आहे. शासनमान्य, ब वर्ग (अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ ते ड असे वर्ग असतात), शंभरी ओलांडलेलं. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे आणि एक ठराव येतोय : तळमजल्यावरचा वाचनकक्ष पूर्णवेळ अभ्यासिका करायचा, मुलांकडून महिन्याची फी घ्यायची आणि वर्तमानपत्रं जिन्याखालच्या बोळात हलवायची. त्यावरून सभासदांत दोन तट पडलेत. तुमच्याकडे काय झालं ते ऐकायचंय, म्हणून हा धागा.

आधी आमच्याकडचं चित्र सांगतो. सकाळी आठला कुलूप निघतं. भिंतीला लागून वर्तमानपत्रांचे तिरके लाकडी स्टँड आहेत, तिथे निवृत्त शिक्षक, एसटीतले जुने कंडक्टर, बाजाराला आलेला एखादा शेतकरी असे उभ्यानेच वाचत असतात. मधल्या दोन लांब टेबलांवर साडेआठच्या आत स्पर्धा परीक्षेची मुलंमुली जागा धरतात. भिंतीत सॉकेट एक, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डाला आणखी एक बोर्ड. नऊनंतर येणारी पोरं जिन्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसतात. पेपरवाल्या आजोबांपैकी दोघांना ठळक बातमी मोठ्याने वाचून त्यावर बोलायची सवय, आणि मुलांना तर शांतता हवी. रोज खटके उडतात. देवघेवीच्या काउंटरवर पूर्वी शनिवारी रांग असायची, आता तासाभरात दोन-चार कार्डं निघाली तर निघाली.

म्हणजे पुस्तक घरी नेणारे कमी झालेत आणि येऊन बसणारे वाढलेत. माझ्या मते आमच्या वाचनालयाबाबतची ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या वार्षिक अहवालात ती कुठेच येत नाही. अहवालात ग्रंथसंख्या, वर्गणीदार, देवघेव. बसायला किती आले, कोण आले, याचा रकानाच नाही.

आमच्या गावात काही विकत न घेता तासभर बसता येईल अशा जागा कितीशा उरल्यात? देवळाच्या ओवरीला ग्रिल लागलं. पार रस्तारुंदीकरणात गेला. शाळेचं मैदान संध्याकाळी बंद. टपरीवर बायका बसत नाहीत. राहिलं वाचनालय. ते एकाच गटाच्या हवाली करायला माझा विरोध आहे, मग तो गट कितीही गरजू असो. पण नुसता विरोध करून सभेत भागणार नाही, पर्याय मांडावा लागेल. लिहा.

गोदाकाठ

चांगला धागा. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सभेत कुणीतरी नक्की म्हणेल की 'वाचनालय म्हणजे पुस्तकं, बाकी सगळी नवी थेरं'. आपल्याकडची जुनी वाचनालयं नुसती पुस्तकांची कधीच नव्हती. रत्नागिरीचं १८२८ चं, आमचं नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. यातली काही 'नेटिव जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झाली आणि तिथे चार शिकलेले लोक वर्तमानपत्र वाचायला आणि वाचलेल्यावर बोलायलाच जमायचे. पेपर एकट्यादुकट्याला परवडायचा नाही, म्हणून एकत्र यायचं.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचं (आम्ही 'सावाना' म्हणतो) स्वतःचं नाट्यगृह आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह. शिवाय औरंगाबादकर सभागृह. नाशकातल्या किती हौशी मंडळींनी पहिलं पाऊल त्या रंगमंचावर टाकलं असेल! पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ घ्या, १९२३ पासूनचा. तिथे ग्रंथालय, व्याख्यानं, गाणं सगळं एका आवारात. तेव्हा माणसं जमणं हा वाचनालयाच्या मूळ कामाचाच भाग आहे, हे सभेत ठासून सांगा.

आणि सयाजीराव महाराजांचं विसरू नका. आमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्याला आणलं आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जायच्या, बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला.

सोनचाफा

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद आहे, फक्त अजून ठरावापर्यंत गेलेला नाही.

पहाटपाळी

मी त्या लांब टेबलावर बसणाऱ्यांपैकी आहे. तुमच्या गावची नाही, पण अशाच एका गावची. राज्यसेवेची तयारी करते.

काका, आमची बाजू कुणी नीट मांडत नाही, म्हणून लिहिते. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, भाऊ, त्याची लहान मुलं. आतल्या खोलीत स्वयंपाक. मी पुण्याला राहून आले, तिथे खासगी अभ्यासिकेला महिन्याला हजार-पंधराशे सहज जायचे. त्यावर खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे वेगळे. घरी पैसे संपले तेव्हा परत आले. इथे वाचनालयाच्या वर्षभराच्या वर्गणीत मला एक खुर्ची, एक पंखा आणि एक ट्यूबलाइट मिळते. तुमच्या सभेत जे कुणी म्हणतील की 'ही मुलं वाचनालयाचं पुस्तक वाचत नाहीत, आपलीच आणून वाचतात', त्यांना हे सांगा.

पण पूर्णवेळ अभ्यासिका आणि फी, हे मलाही नको. फी लागली की सगळ्यात आधी मुली गळतात. मुलाला घरून पैसे मिळतात, मुलीला विचारतात 'घरी बसून होत नाही का?'

आणि आम्हाला हवंय काय, ते कुणी विचारतच नाही. सगळे धरून चालतात की आम्हाला फक्त शांतता हवी. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. उत्तरं लिहायची, एकमेकांना तपासायला द्यायची, मुद्द्यावर वाद घालायचा, यासाठी चार जणांना बोलता येईल अशी जागा लागते. आम्ही ती चर्चा आता बसस्टँडच्या बाकावर करतो. आमच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर संदर्भ विभागाची खोली आहे, जिला वर्षानुवर्षं कुलूप आहे. आत विश्वकोशाचे खंड, गॅझेटियर, सगळं आहे. निबंधाला तेच तर लागतं! ती खोली उघडा, तिथे बोलू द्या, आणि खाली ज्येष्ठांना पेपर वाचू द्या. अर्धी भांडणं मिटतील.

आणखी एक. स्वच्छतागृह. आमच्या वाचनालयात एकच आहे, त्याला आतून कडी नाही. मी सकाळी आठ ते दुपारी दोन पाणी न पिता बसते. माझ्या सगळ्या मैत्रिणी हेच करतात. ठरावात हे पहिल्या क्रमांकावर घाला.

कृष्णाकाठ

पहाटपाळी ताई, मनापासून आभार. कडीचं आजच बघतो. आमच्याकडे बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह कागदावर आहे, त्यात सध्या जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवलेत. संदर्भ विभागाची गोष्टही अगदी तशीच, किल्ली ग्रंथपालांच्या कपाटात.

दाखलअंक

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो आहे. कुलूप का असतं, हे सांगायला हवं, नाहीतर सगळा राग ग्रंथपालावर निघतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यात शासन स्वतः ग्रंथालयं चालवेल यापेक्षा, लोकांनी काढलेल्या संस्थांना मान्यता आणि अनुदान द्यायचं, हा मार्ग धरला. त्यामुळे आपल्याकडे बारा हजारांच्या आसपास शासनमान्य ग्रंथालयं उभी राहिली, गावोगाव पोहोचली, हे त्या कायद्याचं मोठंच यश आहे. पण पैशाचा हुकमी झरा त्यात ठेवला नाही. मद्रासने १९४८ साली आणि कर्नाटकाने १९६५ साली ग्रंथालय उपकर बसवला, घरपट्टीबरोबर तो गोळा होतो. आपल्याकडे उपकर नाही. आहे ते शासनाचं अनुदान, वर्षाला दोन हप्त्यांत, आणि हप्ता कधी पडेल ते कुणाच्याच हातात नसतं. (कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता, देशातला पहिला. कृष्णाकाठ, तुमच्या भागातल्या माणसांनी हे अभिमानाने सांगावं.)

ड वर्गाच्या ग्रंथालयाचं अनुदान कित्येक वर्षं ३० हजार रुपये होतं. महिन्याचं नव्हे, वर्षाचं. मध्यंतरी ६० टक्के वाढ झाली, तरी किती होतात ते बघा. त्यातले निम्मे पगारावर, निम्म्यात पुस्तकं, पेपर, वीजबिल, भाडं. पगाराच्या त्या निम्म्यात जो माणूस काम करतो, तो सकाळी ग्रंथालय उघडतो आणि दुपारी कुठेतरी दुकानात हिशेब लिहितो. त्याला तुम्ही सांगणार की रात्री अकरापर्यंत थांब, वरची खोली उघड, मुलांची चर्चा चालू असेल तर लक्ष ठेव. तो का थांबेल?

तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद) बघतात, देवघेव नोंदवही बघतात, पावत्या बघतात. ते त्यांचं काम आहे, त्यात त्यांची चूक नाही. पण एखादा हरवला खंड माझ्या पगारातून जाणार असेल, तर मी तो कपाटात कुलपात ठेवणार. खंड जपला म्हणून शाबासकी मिळते. तोच खंड शंभर हातांत फिरून फाटला, तर खुलासा द्यावा लागतो. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढून घ्यायची सोय, व्हावी असं मीही आयुष्यभर म्हणत आलो. ती आणायची तर कार्यकारिणीने लेखी ठराव करून 'वापरातून होणारी झीज व गहाळ संस्थेने मान्य केली आहे' असं ग्रंथपालाच्या हाती द्यावं. एवढं केलंत तर अर्धी कुलपं निघतील.

पहाटपाळी, तू लिहिलंस ते खरं आहे. आमच्याकडे एक मुलगा रोज दहा तास बसायचा, तीन वर्षं. देवघेव नोंदवहीत त्याच्या नावावर एकही पुस्तक नाही. आकडेवारीत तो वाचक नाहीच. आज तो तहसीलदार आहे.

बांधणी

माझं मत इथे बहुतेकांना रुचणार नाही, तरी मांडतो.

'माणसं जमण्याची जागा' म्हणून वाचनालयाची जी अवस्था होते, ती मी जवळून बघितली आहे. आधी व्याख्यानं. मग हॉल भाड्याने. मग साड्यांचा सेल, चादरींचा सेल, कुठल्याशा औषधी तेलाचं मोफत शिबिर. दाराशी फ्लेक्स, आत हँगर, आणि पुस्तकांची कपाटं पडदा टाकून झाकलेली. भाड्याच्या पैशातून पुस्तकं घेऊ असं ठरतं. प्रत्यक्षात त्या पैशातून खुर्च्या येतात, कारण सेलवाल्याला खुर्च्या लागतात. नंतर एखाद्या पुढाऱ्याच्या निधीतून अभ्यासिका, तिच्यावर पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव, आणि निवडणूक आली की तिथेच बैठक.

या सगळ्यात पुस्तकाचा वाली कोण? १९३० च्या आसपासचे मासिकांचे बांधीव खंड आमच्याकडे होते. कसर लागली, पावसाळ्यात भिंतीला ओल आली, कुणी वेळेवर बघितलं नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे ग्रंथालयांत पाणी शिरलं तेव्हा ओल्या पुस्तकांचे ढीग सगळ्यांनी बघितले, हळहळले. पण कसरीने दरवर्षी गुपचूप जे जातं, त्याची बातमी होत नाही. जमायला गावात समाजमंदिर बांधा, नाना-नानी पार्क बांधा. जुनं पुस्तक जपायला मात्र वाचनालयाशिवाय दुसरी जागा नाही.

गोदाकाठ

@बांधणी, सेलबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो प्रश्न हॉल कुणाला द्यायचा याचा आहे. व्याख्यानाला देणं आणि साडीवाल्याला देणं यात फरक करता येतो. नियमावलीत लिहा की व्यापारी कारणासाठी हॉल नाही, विषय संपला. बऱ्याच ठिकाणी हे लिहिलेलं नाही, म्हणून तर शिरकाव होतो.

बांधणी

लिहिलेलं असतं हो. वीजबिल थकलं की अपवाद करतात.

निळी_पहाट

मराठवाड्यातून लिहितोय. इथवर सगळ्यांनी 'गावाचं वाचनालय' असं म्हटलंय. ते सगळ्या गावाचं होतं का, हे आधी बोललं पाहिजे.

माझे वडील शाळा शिकलेले. बाजारपेठेतल्या वाचनालयाची पाटी रोज वाचायचे, आत कधी गेले नाहीत. कुणी अडवलं नसतं कदाचित, तेव्हा अस्पृश्यताबंदीचा कायदा होता. पण वर्गणीदार व्हायला दोन सभासदांची शिफारस लागायची, आणि ओळखीचा सभासद आमच्या वस्तीत एकही नव्हता. असं बंद दार कुठल्या नियमात लिहिलेलं सापडत नाही.

म्हणून आमच्याकडे वाचनालय वस्तीतल्या बुद्धविहारात सुरू झालं. एक लोखंडी कपाट, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, चरित्रं, पुढे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला जाणारा प्रत्येक जण तिथल्या स्टॉलवरून पुस्तक आणतो, त्यातली कितीतरी नंतर त्या कपाटात जमा होतात. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी, हे आमच्या आज्या-आयांनाही माहीत असतं. आणि जयंतीच्या दिवसांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम असतो. सकाळी सहाला सुरू. सतरंज्या अंथरलेल्या, पाचवीतल्या पोरापासून पदवीच्या मुलीपर्यंत सगळे एका ओळीत. आया दुपारी भाकऱ्या घेऊन येतात, त्यातल्या काही जणी मागे बसून अक्षर-अक्षर लावत वाचतात. रात्री बाराला संपतं. तिथे बसलेल्या माणसाला कुणी 'तुझं इथे काय काम?' असं विचारत नाही. दहा लाखांच्या इमारतीनेही ते होत नाही, जर दारातल्या माणसाची नजर तशी असेल तर.

कृष्णाकाठ, तुमच्या ठरावात शिफारशीची अट काढून टाका. आधारकार्ड आणि अनामत पुरे. आणि कार्यकारिणीत कोण-कोण आहे ते एकदा मोजा.

कृष्णाकाठ

निळी_पहाट, संस्थेची घटना काढून बघितली. दोन सभासदांच्या शिफारशीची अट आमच्याकडे आजही आहे. फॉर्मवर तशा दोन रेघा छापलेल्या आहेत. कार्यकारिणीत अकरा जण, त्यात एकही बाई नाही आणि पेठेबाहेरचे दोन. घटनादुरुस्तीला धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागेल, वेळ जाईल, पण सुरुवात याच सभेत करतो. फॉर्मवरच्या रेघा आपल्या अधिकारात काढता येतील असं वाटतं.

मांडवीतीर

गोव्यातून. आमच्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं उदाहरण देते, कारण ते शासनाचं आहे आणि म्हणून बऱ्याच गोष्टी वेगळ्या आहेत. पोर्तुगीज काळात, १८३२ साली सुरू झालेलं. आता पाट्टोला संस्कृती भवनात, नाव कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. लहान मुलांचा विभाग स्वतंत्र आहे. मी माझ्या मुलीला तिथे नेते. तिला गोष्टीचं पुस्तक जमिनीवर पसरून वाचायला आवडतं, तिला कुणी हाकलत नाही. मराठी, कोंकणी, इंग्रजी, पोर्तुगीज सगळं एका छताखाली.

एवढ्या मोठ्या इमारतीशी तालुक्याच्या वाचनालयाची तुलना नको, कबूल. पण मुलांसाठी एक कोपरा, एक सतरंजी, आणि पुस्तकं त्यांच्या हाताला लागतील अशा उंचीवर, याला काही शासन लागत नाही. तुमच्या अख्ख्या चर्चेत लहान मुलं कुठेच आली नाहीत. अभ्यास करणारी आहेत, निवृत्त आहेत. सात वर्षांचं पोर कुठे बसणार?

सोनचाफा

मांडवीतीर, आणि त्या पोराची आई? आमच्याकडे वाचनालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. दोन्ही वेळा बाई चुलीपाशी किंवा डब्यापाशी. मोकळी असते ती दुपारी एक ते चार, तेव्हा वाचनालयाला कुलूप. आमच्या भागातल्या बायका दिवाळी अंक योजनेत हौसेने पैसे भरतात, पण अंक नवरा किंवा मुलगा बदलून आणतो, त्याच्या आवडीचा. मी पाच-सहा जणींना घेऊन आमच्या सचिवांना भेटले की आठवड्यातून दोनच दिवस दुपारी उघडा. ते म्हणाले, प्रतिसाद मिळणार नाही. उघडल्याशिवाय प्रतिसाद कसा मिळणार?

शेवटी आम्ही कुणा एकीच्या घरी जमायला लागलो. पुस्तकं आपापली, महिन्यातून एकदा एकीने वाचलेल्याबद्दल बोलायचं. छान चाललंय. पण घरी जमलं की चहा-फराळ आला, घर आवरणं आलं, सासूबाईंची परवानगी आली. ज्यांचं घर लहान त्या बोलवायला संकोचतात आणि मग यायचंच बंद करतात. वाचनालयाच्या हॉलमध्ये हे काहीच आडवं येणार नाही.

बर्फातला_मावळा

टोरांटोहून. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शहरभर शंभर शाखा आहेत. आम्ही नवीन आलो तेव्हा बायकोची या शहराशी पहिली ओळख ग्रंथालयानेच करून दिली. हिवाळा, घरात तान्हं बाळ, ओळखीचं कुणी नाही. शाखेत बाळांच्या गाण्या-गोष्टींचा तास असायचा, फुकट. तिथे तिला पहिली मैत्रीण मिळाली, श्रीलंकेची तमिळ. स्थलांतरितांना कागदपत्रं, शाळाप्रवेश, नोकरीचे अर्ज यांत मदत करणारी माणसं शाखेत येऊन बसतात. २०२२ पासून उशिराचा दंडही काढून टाकला, कारण दंडाच्या भीतीने गरीब घरची मुलं यायची थांबतात असा अनुभव होता.

इथल्या पैशाची आणि आपल्या पैशाची बरोबरी होणार नाही, आपल्याकडची तंगी दाखलअंक यांनी सांगितलीच आहे. पण एक गोष्ट बिनपैशाची आहे. इथे दारात येणाऱ्या माणसांची मोजणी करतात. किती लोक आत आले, कार्यक्रमाला किती बसले, हे आकडे पुस्तकांच्या आकड्यांच्या शेजारी छापतात. तुम्ही उद्यापासून दाराशी एक वही ठेवा. वर्षभराने सभेत, नगरपालिकेत, आमदारांकडे जाताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

दाखलअंक

वहीची सूचना उत्तम. फक्त नाव-पत्ता लिहायला लावू नका, लोक बुजतात. वेळ आणि 'कशासाठी' एवढेच रकाने : पेपर, अभ्यास, देवघेव, मुलं, इतर. रोज संध्याकाळी बेरीज.

सोनचाफा, दुपारचं कुलूप हा पगाराचा प्रश्न आहे, तसाच सवयीचाही. दोन दुपारी स्वयंसेवक बसवायला नियमाची आडकाठी नाही. तुमच्याच गटातल्या दोघी काउंटरवर बसल्या तर सचिवांना काय हरकत असेल? त्यांना तसं लेखी विचारा. तोंडी विचारलं की उत्तरही तोंडीच मिळतं.

बांधणींना एक विनंती. जुन्या खंडांसाठी तुम्ही एवढं तळमळून लिहिलंत, तर दुर्मीळ पुस्तकांची यादी आणि स्कॅनिंग हे काम वरच्या खोलीत बसणाऱ्या या मुलांना शिकवा. त्यांना कॅमेरा, मोबाइल सगळं येतं. खंड कसा उघडायचा, कसा धरायचा, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

बांधणी

हे मी करीन. आमच्या वाचनालयाने परवानगी दिली तर पावसाळ्याआधी सुरुवात करीन. पण मुलांचे हात धुतलेले हवेत आणि टेबलावर पाण्याची बाटली नको.

पहाटपाळी

बांधणी काका, बाटली खाली ठेवू. आमच्या गावात असतात तर मी स्वतः आले असते.

गोदाकाठ

कृष्णाकाठ, ज्यांना वाचनालयापर्यंत येताच येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम बघा. २००९ पासून चालू आहे. एका पेटीत शंभर पुस्तकं, पेटी एखाद्या सोसायटीत, कारखान्यात, अगदी तुरुंगातसुद्धा जाते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. परदेशातल्या मराठी लोकांकडेही पेट्या गेल्या आहेत. पेटी ज्या घरी असते तिथे शेजारीपाजारी जमतात, मग त्यातूनच वाचनाचा गट तयार होतो. तुमच्या वाड्या-वस्त्यांवर अशी पेटी वाचनालयाच्या नावाने ठेवता येईल. वर्गणीदारही वाढतील.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सभेपुढे मूळ ठरावाला मी जी उपसूचना देणार आहे, ती इथे टाकतो. चुकत असेल तर सांगा.

तळमजल्याचा वाचनकक्ष सगळ्यांसाठी राहील. सकाळी आठ ते दहा पेपरचा वेळ, तेव्हा हळू आवाजात बोलायला मनाई नाही. दहानंतर तिथे शांतता. वरचा संदर्भ विभाग उघडायचा, तिथे गटचर्चेला परवानगी, आणि झीज-गहाळ संस्थेने मान्य केल्याचा स्वतंत्र ठराव ग्रंथपालांच्या नावे. अभ्यासिकेची वेगळी फी नाही, नेहमीची वर्गणी तीच. पहाटे पाच ते आठ फक्त अभ्यासासाठी. मंगळवार-शुक्रवार दुपारी एक ते चार महिला आणि मुलांसाठी, स्वयंसेवकांच्या भरवशावर. व्यापारी कारणासाठी हॉल नाही, आणि अपवाद करायचा तर सर्वसाधारण सभेतच, कार्यकारिणीला तो अधिकार नाही. शिफारशीची अट रद्द. दिवाळी अंकांचे गठ्ठे हलवून बायकांचं स्वच्छतागृह सभेच्या आधी चालू. दाराशी वही पहिल्या तारखेपासून.

पैशाचं कोडं सुटलेलं नाही. वीजबिल वाढणार. दोन माजी विद्यार्थी, जे आमच्याच टेबलावर बसून नोकरीला लागले, ते वर्षाचं बिल भरायला तयार आहेत. पण कुणाच्या तरी भलेपणावर किती वर्षं चालवणार? नगरपालिकेने घरपट्टीतून थोडा वाटा द्यावा असा अर्ज करणार आहोत, उत्तराची फार आशा नाही.

पहाटे पाचला कुलूप कोण उघडणार, हेही ठरलेलं नाही. ग्रंथपाल आठलाच येतात आणि त्यांना आणखी ओढणं मला योग्य वाटत नाही. मुलांच्या हाती किल्ली द्यायला अध्यक्ष तयार नाहीत.

निळी_पहाट

विहारात आम्ही दोन मुलं आणि दोन मुली अशा चौघांकडे किल्ली देतो, दर तीन महिन्यांनी चौघं बदलतात. उघडणारा वहीत वेळ टाकून सही करतो. इतक्या वर्षांत एक पुस्तक गेलं नाही. मुलींकडे किल्ली असलीच पाहिजे, नाहीतर पहाटेची वेळ नावालाच सगळ्यांसाठी असते.

दाखलअंक

हीच पद्धत लिहून घ्या, पण किल्ली फक्त बाहेरच्या दाराची आणि वाचनकक्षाची द्या. देवघेव विभागाला वेगळं कुलूप असू द्या, म्हणजे ग्रंथपालांवर जबाबदारी येणार नाही आणि अध्यक्षांचा आक्षेपही राहणार नाही. दुपारच्या स्वयंसेवकांना आठवडाभर ग्रंथपालांच्या शेजारी बसवून कार्ड लावायला शिकवा. आणि ग्रंथपालांचं वेतन किती वाढवणार तो आकडा या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. 'पुढील सभेत विचार करू' असं लिहिलेला वेतनाचा मुद्दा नंतर कधी पटलावर आलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.